उद्याचा काकडा

परवा संध्याकाळी कुंदाताई कापडाचं गाठोडं देऊन गेल्या. दोन जुनी धोतरं, एक पंचा, कुणाच्या तरी आजोबांचा सुती सदरा. सगळं धुऊन, कडकडीत वाळवून, घड्या घालून. दारातूनच म्हणाल्या, "कोजागिरी आली गं शुभा. बसत नाही मी, गुडघ्याची वाट लागलीये." आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरल्या. तेव्हापासून गाठोडं जेवणाच्या टेबलावर आहे. मी त्याच्या शेजारी ताट सरकवून जेवते, डबा भरते, पुन्हा येऊन जेवते.

आज कोजागिरी. उद्या पहाटे बाजारामागच्या विठ्ठलमंदिरात काकड आरती सुरू होणार, ती त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज. पहिला काकडा आज संध्याकाळीच वळून तुपात भिजत टाकायला हवा. काकडा म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. जुन्या सुती कापडाची पट्टी फाडायची, तिला घट्ट पीळ द्यायचा, मधोमध पुन्हा पुन्हा दुमडायची, दोरा बांधायचा. झाली वीतभर लांबीची जाडजूड वात. तिने देवाला ओवाळून उठवायचं. कापड हातात घेतलं तर चहा गार व्हायच्या आत होणारं काम. आणि मी काय करतेय, तर हे लिहीत बसलेय. ऑफिसातून आले, तोंड धुतलं, मोबाइल बघितला, मग म्हटलं जरा दोन ओळी लिहून काढू. एक काम टाळायचं असलं की मला बाकीची सगळी कामं सुचतात.

खिडकीतून सातविणीचा वास येतोय. आमच्या मुलुंडला पाऊस संपल्याची खबर हे झाड देतं. दिवसभर रस्ता तापतो, मेट्रोच्या कामाची धूळ घशात बसते, ऑफिसातल्या मुली छत्रीऐवजी स्कार्फ बांधून येतात. आणि दिवेलागणीला हा वास सुटतो. गोड, जड, डोकं धरायला लावणारा. समोरच्या विंगमधल्या काकांनी तर ते झाड कापून टाका म्हणून सोसायटीला अर्ज केला होता. मला तो वास आला की पहाटेचा अंधार आठवतो, जळणारं कापड आठवतं, आणि गेल्या वर्षीची कोजागिरी आठवते. अंगात होती नव्हती ती ताकद निघून जाते.

अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. टेलिफोन खात्यात जन्म गेला. आवाज खणखणीत आणि बोलायची हौस दांडगी. जिन्यात कुणी सापडला की दुधाच्या भावापासून दिल्लीपर्यंत सगळं ऐकवल्याशिवाय त्याला सोडायचे नाहीत. आई गेल्यानंतर तर घरात रेडिओ लावायची गरजच उरली नाही. मी शाळेत होते तेव्हापासून देवळातलं काकडा वळायचं काम त्यांच्याकडे होतं. कार्तिकातल्या संध्याकाळी ते पट्टीचं एक टोक खिडकीच्या कडीत अडकवायचे आणि दुसऱ्या टोकाला पीळ देत देत मागे सरकायचे, पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. मी मधून जायला लागले की ओरडायचे, "खालून जा, खालून." मी वाकून पट्टीखालून जायची. चाळिशीतसुद्धा गेलेय.

एकदा त्यांना म्हटलं होतं, रविवारी बसून महिन्याभराचे सगळे एकदम वळून का नाही ठेवत? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुपात घालून ठेवले तर मुंग्या येतात, कोरडे ठेवले तर सैल पडतात. आणि देवाचं काम साठवत नाहीत. उद्याचा काकडा आज वळायचा, परवाचा उद्या." मग नेहमीचं ठरलेलं वाक्य, ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे: "आमच्या शुभाचं पंचांग वेगळं छापून येतं. त्यात 'आज' ही तिथीच नाही."

खोटं नव्हतं ते. बाथरूमच्या भिंतीतली गळती, बँकेतलं वारसाचं नाव, गच्चीवर ठेवलेला जुना कूलर, दाताचं दुखणं, सगळं माझ्याकडे उद्यावर असतं. लग्नही असंच उद्या उद्या करत राहून गेलं, आणि त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही. टाळणारी माणसं आळशी असतात असं लोक म्हणतात. मला नाही पटत. मी सकाळी उठून घाटकोपरच्या ऑफिसात जाते, दिवसभर लोकांचे विम्याचे दावे निकाली काढते, परत येताना भाजी आणते. आळशी माणसाला हे जमेल का? पण माझ्यात एक असा कोपरा आहे, तिथे ठेवलेल्या गोष्टीला मी हात लावू शकत नाही. बघून जीव दमतो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी अण्णांच्या हातातून चहाचा कप सुटला. मी आतून म्हटलं, "असू दे, मी पुसते." उत्तर आलं नाही. अण्णांकडून उत्तर आलं नाही म्हणजे काहीतरी झालं, हे मला तेव्हाच कळलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "त्यांना सगळं समजतंय. शब्द तेवढे सापडत नाहीत. पहिले काही महिने फार महत्त्वाचे आहेत. हाताचा व्यायाम रोज, आणि बोलण्याची थेरपी लगेच सुरू करा. या दिवसांत जे परत येईल ते येईल. नंतर फार जड जातं." मी मान हलवली. फिजिओवाल्या मुलीने टॉवेल पिळायचा व्यायाम दाखवला. आजारी हातात एक टोक द्यायचं, आपण दुसरं धरायचं. मी फोनमध्ये व्हिडिओ घेतला. पावसाळा संपेपर्यंत तो मी एकदाही उघडला नाही.

असं नाही की मी काही करत नव्हते. दिवसा नर्सिंग ब्युरोकडून मावशी यायच्या, संध्याकाळी सहानंतर मी. डायपर, औषधं, पातळ भात, पाठीला पावडर, कूस बदलणं. हे सगळं मी चोख केलं, कारण ते न करून चालणार नव्हतं. फक्त व्यायाम आणि ती थेरपी. ते रोज उद्या. "आज दमलेय हो अण्णा, उद्या करू हं." "आज पाऊस आहे, उद्या जाऊ थेरपीच्या मॅडमकडे." "उद्या नक्की." ते माझ्याकडे बघायचे. डोळे तेच होते, बोलके. मला त्या डोळ्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. व्यायाम केला आणि हात हललाच नाही तर? थेरपीला नेलं आणि तिने नकारार्थी मान हलवली तर? जोवर काही केलेलं नाही तोवर सगळं शक्य होतं. उद्यावर टाकलं की आशा शाबूत राहते. मी आशा जपत बसले होते आणि दिवस निघून चालले होते.

अशात नवरात्र संपलं आणि कुंदाताई गाठोडं घेऊन आल्या. कुंदाताई आमच्याच बिल्डिंगमधल्या, पहिल्या मजल्यावरच्या. पोस्टातून रिटायर झाल्यापासून देवळाची किल्ली त्यांच्याकडे आहे, आणि देवळाची किल्ली ज्याच्याकडे तो सगळ्या गल्लीचा साहेब. त्यांनी गाठोडं टेबलावर ठेवलं.

"कुंदाताई, अण्णांची अवस्था माहितीये ना तुम्हाला? या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"का देऊ? त्यांच्या घरचं काम आहे ते."

"अहो, पण हात चालत नाही त्यांचा."

"तुझा चालतो ना? तू वळ. त्यांचा नुसता हात लागला पाहिजे कापडाला. लागेल ना तेवढा?"

आता याला काय म्हणावं? ही आमच्या देवळाची जुनी रीत. सेवा एकदा ज्या घराला लागली त्या घराकडून ती काढून घेत नाहीत. माणूस आजारी असो, म्हातारा असो, त्याचा हात लागतो आणि काम दुसरा कुणीतरी करतो. फुलं आणणारे काका तर गुडघे गेल्यापासून खुर्चीत बसून परडीला नुसते बोट लावतात, फुलं त्यांची सून खुडते. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मला तर तेव्हा संताप आला होता. माझ्या डोक्यावर एवढं असताना ही बाई आणखी एक काम टाकून गेली.

कोजागिरीच्या संध्याकाळी मी ठरवलं होतं की काकडा वळायचा आणि मगच गच्चीवर जायचं. मग खालच्या मजल्यावरच्या मुलांनी गच्चीवरून हाक मारली, दुधाला उकळी आलीये, जायफळ कोण किसणार. म्हटलं, वर जाऊन येते, आल्यावर वळते. वर सगळे होते. खूप दिवसांनी कुणीतरी मला हातात आयता कप दिला. खाली आले, अण्णांची कूस बदलली, खुर्चीत जरा टेकले. गाठोडं समोर होतं. जराशानं उठते, असं म्हटल्याचं आठवतं.

बेल वाजली तेव्हा बाहेर अंधारच होता. दारात कुंदाताई. अंघोळ झालेली, केस ओले, हातात झाकायला आणलेलं स्वच्छ फडकं.

"दे."

"काय?"

"काकडा गं. सगळे येऊन थांबलेत देवळात. पटकन दे."

मी टेबलाकडे पाहिलं. गाठोड्याची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. काहीतरी सबब सांगायला मी तोंड उघडलं, आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

"उद्या."

खणखणीत नव्हता, जरा घसरलेला, पण स्पष्ट. कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नव्हते हे त्यांनी पाहिलं होतं. "अगं बाई, अण्णा बोलले," त्या म्हणाल्या आणि मला बाजूला सारून आत गेल्या. अण्णांचा हात दोन्ही हातांत धरून ही एवढी कडक बाई मुसमुसून रडायला लागली. "उद्या तर उद्या, अण्णा. आज मी निरांजनावर भागवते. तुम्ही बोललात, भरून पावले मी." मग त्या तशाच देवळात गेल्या. आरती झाल्यावर सात-आठ जण आमच्याकडे आले, मफलर गुंडाळलेले, कपाळाला बुक्का. कुणी पेढा आणला, कुणी अण्णांच्या पायाला हात लावला. विठ्ठलाचीच कृपा, सगळे म्हणत होते. अण्णांनी त्यांना सगळ्यांना तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवला. उद्या. उद्या. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसत होती.

मला खोलीत पाऊल टाकवेना. तो शब्द कुणाचा होता हे त्या सगळ्या माणसांत मला एकटीला माहीत होतं. उन्हाळ्यापासून या घरात माझ्या तोंडून सगळ्यात जास्त निघालेला शब्द तोच. वाचा गेलेल्या माणसाने घरात सांडलेले शब्द गोळा करायला घेतले, तर त्याच्या हाताला आधी तोच लागणार होता. मला इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि तो उतू गेला तरी बघत उभी राहिले. रडू आलं नाही. तेसुद्धा मी बहुतेक उद्यावर टाकलं असणार.

त्या संध्याकाळी ऑफिसातून आले ती चप्पल काढून सरळ टेबलाशी. गाठ सोडली. धोतर फाडलं तसा फर्रकन आवाज झाला आणि अण्णांनी मान वळवली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मी पट्टी घेऊन त्यांच्या पलंगापाशी बसले. कडीत टोक अडकवून मी एकटीने वळू शकले असते आणि त्यांचं बोट नुसतं लावून घेतलं असतं. तसंच करायचं ठरवलंही होतं. पण त्यांनी डावा हात पुढे केला. मी तो नव्हे, त्यांचा उजवा हात उचलून पट्टीवर ठेवला, बोटं एकेक करून मिटली, वरून माझी मूठ आवळली आणि म्हटलं, "धरा, अण्णा."

सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. पीळ बसेना. शेवटी मी देवळातल्या टाळांच्या ठेक्यावर बोलायला लागले, "धरा, धरा, धरा... सोडा. धरा, धरा, धरा... सोडा." लहान मुलाला भरवताना लागतो तसा आपोआप सूर लागला. जे तयार झालं ते मधे जाड, टोकाला बारीक, वाकडंतिकडं होतं. तुपाच्या वाटीत टाकलं. मग एकदम लक्षात आलं की हा तोच टॉवेल पिळायचा व्यायाम. फोनमध्ये होता तो.

पहाटे मी स्वतःच वाटी घेऊन देवळात गेले. कुंदाताईंनी बेल वाजवायच्या आत पोचायचं होतं, दुसरं काही नाही. बाजार बंद होता. भाजीवाल्यांच्या ताडपत्र्यांवर मांजरं झोपली होती, डोंगराकडून जरा गार वारा येत होता. आमचं देऊळ लहानसं, एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला दहावीचे क्लास. इतकी वर्षं इथे राहून मी काकड आरतीला कधी गेले नव्हते. अण्णा बोलवायचे तेव्हा मी काय म्हणायची ते सांगायला नको. आत गेले तर विठ्ठलाला मच्छरदाणी लावलेली होती. मुलुंडचे डास देवालाही सोडत नाहीत. गुरुजींनी मच्छरदाणी हळूच गुंडाळून वर केली, अगदी आवाज न करता. मग आमचा तो वाकडा काकडा पेटवला. तूप आधी चुरचुरलं, मग कापडाने पेट घेतला. त्या उजेडात काळा चेहरा एकदम जवळ आल्यासारखा वाटला. टाळ वाजले तेही हलके. माकडटोपी घातलेले, शाल पांघरलेले म्हातारे अशा आवाजात गात होते की झोपलेल्याची झोपमोड होऊ नये, पण त्याला जाग यावी.

मी खांबाला टेकून ऐकत होते. उशीर झाला, असं त्यांतलं कुणी देवाला म्हणत नव्हतं. चल आवर, मला जायचंय, असंही नाही. मी अण्णांना कशी उठवायची? पडदा खर्रकन ओढायची. "उठा, मावशी येतील, मला ऑफिस आहे." रोज. बोलता न येणाऱ्या माणसाला. खांबाला टेकल्या टेकल्या माझे डोळे भरून आले, आणि ते झोपेमुळे नव्हतं.

आरती संपल्यावर कुंदाताईंनी हातावर लोणी-खडीसाखर ठेवली. मी उगाच विचारलं, "इतकी वर्षं उठवताय तुम्ही. तो उठतो का?"

"कोण?"

"विठोबा."

कुंदाताई तबक पुसत होत्या. "उठतो की नाही ते बघत बसायला मला वेळ कुठाय? माझं काम उठवायचं. उद्या परत उठवायचंय. ते लोणी अण्णांना ने थोडं, ओठाला लाव."

ही काही मोठी ज्ञानी बाई नव्हे. बिल्डिंगच्या पाण्यावरून रोज भांडते, वॉचमनला घड्याळ शिकवते. तिने ते सहज म्हटलं, पण मी घरी येईपर्यंत तेच चघळत होते. या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एका दगडाच्या देवाला उठवलंय आणि एकानेही वाकून बघितलं नाही की डोळे उघडले का. उद्या पुन्हा येतात. आणि मी? मी अण्णांच्या हाताकडे बघत होते. हलला का, हलला का. हलणार नाही या भीतीने मी कामच सुरू केलं नव्हतं. मला साक्षात्कार वगैरे झाला असं मी म्हणणार नाही, आमच्यात तेवढं सामान नाही. पण इतकं कळलं की नेम करणाऱ्याला, झालं का, असं कुणी विचारत नाही. केलं का, एवढंच विचारतात. माझ्यासारखीला तो सुटकेचा रस्ता होता.

त्या सकाळी मी पडदा ओढला नाही. अण्णांच्या शेजारी बसले, कपाळावर हात ठेवला, देवळात ऐकलेली चाल नुसती गुणगुणले, शब्द काही मला येत नव्हते. कोमट पाण्याच्या फडक्याने तोंड पुसलं. ओठाला लोणी लावलं. त्यांनी डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग जीभ फिरवून लोणी चाटलं. ऑफिसला उशीर झाला. होऊ दे म्हटलं.

तेव्हापासून संध्याकाळी पट्टी, पहाटे देऊळ. मूड नाही, कंटाळा आलाय, पाठ धरलीये, हे सगळं होतंच. दमणूक कमी झाली म्हणाल तर ती वाढली. पण पहाटे लोक येऊन उभे राहणार हे ठरलेलं, त्यांच्यासमोर रिकामी वाटी नेता येत नव्हती. पूर्वी माझा उद्या म्हणजे कधीच न येणारा दिवस होता. आता तो अंघोळ करून, ओल्या केसांनी, फडकं घेऊन दारात यायचा.

त्याच आठवड्यात थेरपीच्या मॅडमना फोन केला. घाटकोपरला त्यांची छोटीशी खोली आहे, भिंतीवर फळांची चित्रं. पोरसवदा बाई, पण शांत. त्यांनी सगळं तपासलं, अण्णांना चित्रं दाखवली, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आधी आणायला हवं होतं." रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर मी विसरले असते. मी त्यांना काकड्याचं सांगितलं, ठेक्यावर बोलायचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेच करा. काही जणांना बोलता येत नाही, पण सुरात शब्द निघतात. सूर सोडू नका. आणि रोज करा."

कार्तिकी एकादशीच्या पहाटे आम्ही अण्णांना व्हीलचेअरवरून देवळात नेलं. दोन पायऱ्यांवरून चौघांनी उचललं. काकडा पेटला, टाळ सुरू झाले, आणि अण्णा गुणगुणायला लागले. आधी नुसती चाल. मग ओळीच्या शेवटाला एखादं अक्षर, मग अख्खा शब्द. म्हातारे गाता गाता त्यांच्याकडे बघत होते आणि गाणं थांबू देत नव्हते. मी काकड्याच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसले. घरी आल्यावर मात्र अण्णा पुन्हा मुके. गाण्यातला शब्द त्यांना गाण्याबाहेर आणता येत नव्हता.

आणि मग एका संध्याकाळी, पौर्णिमा जवळ आली होती तेव्हा, मी पट्टी फाडून त्यांच्यापाशी बसले आणि फोन वाजला म्हणून तिकडे बघायला लागले. ऑफिसचाच काहीतरी मेसेज. तेवढ्यात त्यांनी पट्टीचं टोक डाव्या हाताने माझ्याकडे ढकललं आणि ठेक्यात म्हणाले, "धर."

मी रोज "धरा" म्हणायची. त्यांनी त्याचं "धर" केलं. बापाने लेकीला म्हणावं तसं. मी फोन उलटा ठेवला आणि धरलं.

त्रिपुरी पौर्णिमेला देवळात दिवे लागले, दहीकाला झाला, महिना संपला. अण्णांच्या उजव्या हाताची बोटं पट्टी धरण्यापुरती मिटायला लागली, त्यापलीकडे नाही. शब्द मूठभर आले. उद्या, धर, चहा, नको, आणि वॉचमनसाठी एक शिवी, ती मात्र लख्ख. माझं नाव आलं नाही. मॅडमनी पुष्कळ प्रयत्न केले. माझा फोटो दाखवायच्या, पहिलं अक्षर म्हणून द्यायच्या. अण्णा ओठांचा चंबू करायचे, श्वास घ्यायचे, कपाळावर घाम यायचा, मग मान खाली. मी म्हणायची, असू दे अण्णा. असू दे कसलं. मला ते नाव हवं होतं. जिन्यातून गल्लीला ऐकू जाईल असं "शुभाऽ" म्हणणारा आवाज मला परत हवा होता. थोडं आधी नेलं असतं तर आला असता का, हे मला कुणीच सांगणार नाही. मॅडमना मी विचारलं नाही. एवढी एक गोष्ट उद्यावरच राहू दे असं वाटतं.

वर्ष गेलं. मी सुधारले असं कुणाला वाटत असेल तर घरी येऊन बघावं. बाथरूमची गळती तशीच आहे, आता ओल शेजारच्या खोलीत पोचलीये. दाताचं दुखणं त्याच बाजूला आहे, मी दुसऱ्या बाजूने खाते. संध्याकाळची पट्टी मात्र कार्तिक संपल्यावरही चालू राहिली. वात लागत नाही तेव्हा तीच पट्टी वळायची आणि पुन्हा उलगडायची. कधी अण्णांचा हात चांगला असतो, कधी लाकूड. मी बघत नाही. बघत नाही म्हणजे बघते, पण त्यावरून काही ठरवत नाही. आणि सकाळी पडदा हळू सारते. एवढीच माझी भक्ती.

आज मात्र फार दमलेय. महिनाअखेरीचं काम, मावशींची सुट्टी, परत येताना नाहूरच्या पुलावर अडकलेली रिक्षा. गच्चीवर दूध उकळतंय, जायफळाचा वास जिन्यातून खाली आलाय, मुलं हाका मारतायत. गाठोड्याची गाठ अजून सोडलेली नाही आणि मी हे लिहितेय. एकदा वाटलं, कुंदाताईंना फोन करावा. उद्या निरांजनावर भागवा म्हणावं, परवापासून नक्की.

आतल्या खोलीतून पलंगाच्या कडेवर हात आपटल्याचा आवाज येतोय. मधल्या दारातून त्यांना टेबल दिसतं. गाठोडं परवापासून दिसतंय. माझं नाव त्यांना येत नाही, त्यामुळे मला हाक मारायची असली की त्यांच्याकडे एकच शब्द आहे. पाणी हवं असलं तरी तोच, पाठ दुखत असली तरी तोच, मी नुसती दिसावी असं वाटलं तरी तोच.

"धर."

आले, अण्णा.